आर पोटात घ्यायची की शेजारी बसवायची?

सी++ मधल्या डेस्कटॉप अ‍ॅपला आर, म्हणजे संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा, जोडायची तर माझ्या मते विचार करण्याजोग्या वाटा दोन. आरइनसाइड या लायब्ररीने ती आपल्याच प्रोसेसमध्ये घ्यायची, नाहीतर आरसर्व्ह, म्हणजे आरचा सर्व्हर, वेगळी चालवून सॉकेटवरून बोलायचं. क्यूटीच्या (खिडक्या-बटणं बनवायची सी++ लायब्ररी) एकाच प्रोग्रॅमसाठी मी दोन्ही करून बसलोय.

आरइनसाइड पहिल्या आठवड्यात प्रेमात पाडते. चार ओळींत व्हेक्टर आत, उत्तर बाहेर. क्यूटीचं उदाहरणही पॅकेजमध्येच मिळतं. विंडोजवर मात्र मिनजीडब्ल्यू हाच कंपायलर लागतो. तुमचा कोड व्हिज्युअल सी++ चा असेल तर विषय तिथेच मिटला.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. मॉडेल बसवताना खिडकी गोठायची, म्हणून कोणीही करेल तेच केलं: आरचा कॉल वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे त्याच प्रोसेसमधल्या समांतर धाग्यावर, टाकला. तर साधी सरासरी काढतानाही तक्रार, सी स्टॅक (फंक्शन कॉल्सची राखीव जागा) संपत आला! दोन रात्री मी माझ्याच कोडमध्ये रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच हाक मारत राहणारं फंक्शन, शोधत होतो. खरी गोष्ट अशी की, आर ज्या थ्रेडवर सुरू होते त्याचाच स्टॅक लक्षात ठेवते. दुसरीकडून हाक मारली की पत्ता भलतीकडचा दिसतो आणि ती घाबरते. स्टॅकच्या मर्यादेत (R_CStackLimit) उणे १ टाकून तिचं तोंड बंद करता येतं, पण आर एकथ्रेडी आहे ती आहेच. शेवटी आरला स्वतःचा थ्रेड देऊन कामं रांगेत लावली. चाललं. तरी एखाद्या पॅकेजचा सी कोड कोसळला की अख्खं अ‍ॅप जायचं, न सेव्ह केलेल्या कामासकट.

आरसर्व्हचेही नखरे आहेत. मोठं टेबल सॉकेटवरून पाठवताना रेंगाळणं जाणवतं. लिनक्सवर फोर्कमुळे (चालू प्रोसेसची प्रत निघते) प्रत्येक कनेक्शनला आपली वर्कस्पेस मिळते. विंडोजवर फोर्क नाही, सगळे एकाच ताटात. म्हणून मी प्रत्येक खिडकीला वेगळी आरसर्व्ह, वेगळ्या पोर्टवर देतो. ६३११ या तिच्या नेहमीच्या पोर्टवर अडून राहत नाही. अ‍ॅप बंद करताना तिला मारायला विसरलात, तर टास्क मॅनेजरमध्ये अनाथ बसलेली सापडते.

तुमचा डेटा प्रचंड आणि गणितं छोटी असतील, तर कदाचित आरइनसाइडच बरी. मी हट्ट धरणार नाही. पण ‘थांबवा’ बटण दाबल्यावर प्रोसेस सरळ मारता येणं, याची सवय लागली की सुटत नाही. परवा ग्राहकासमोर आरसर्व्ह मेली. अ‍ॅपने दुसरी सुरू केली, तोवर ते शीर्षकातलं शुद्धलेखन दुरुस्त करत होते.