सिस्मिक इंटरप्रिटेशनचं वीकेंड वर्कशॉप, राजारामपुरी: पैसे वसूल, पण वेलॉसिटी गुंडाळली

कोल्हापुरात पायाखाली सगळा बसाल्ट (लाव्हाचा खडक) आणि इथं गाळाच्या बेसिनचं, म्हणजे गाळ साचून भरलेल्या खोलगट भागाचं, सिस्मिक (जमिनीत लाटा सोडून परत आलेल्या लाटांवरून आतलं चित्र वाचणं) शिकवणार म्हटल्यावर आमच्या ग्रुपवर आधी चेष्टाच झाली. पण जाऊन आलो, जिऑलॉजीच्या पोरांनी करावंच असं आहे.

शनिवारी लॅपटॉप उघडूच दिला नाही. कागदावर सिस्मिक लाइनच्या (एका रेघेखालच्या जमिनीचा उभा छेद) प्रिंट, रंगीत पेन्सिली, आणि मारा फॉल्ट (थर तुटून सरकलेत त्या भेगा). एका ठिकाणी फॉल्टची जी बाजू खाली घसरलीय तिथं थर चांगलाच जाड होता, पलीकडं पातळ, तर सर म्हणाले म्हणजे गाळ साचत होता तेव्हाच फॉल्ट चालू होता, आणि तोच जाड थर आज शेजारच्यापेक्षा वर उचललेला दिसला तर समजायचं बेसिन आधी ताणलं गेलं आणि नंतर दाबलं गेलं, फॉल्ट तोच पण उलटा सरकला. पुस्तकात वाचून हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

मग नॉर्थ सीमधल्या एफ३ नावाच्या ब्लॉकच्या एकमेकींपासून लांब लांब असलेल्या लाइनी देऊन फॉल्ट जोडायला लावले, बहुतेकांनी सरळ रेघा ओढल्या. रविवारी तोच डेटा थ्रीडीत ओपनडीटेक्ट या सॉफ्टवेअरवर उघडला (दोन्ही फुकट मिळतं, घरीपण करता येतं), कोहेरन्स (थर कुठं तुटलेत ते उठून दाखवणारं गणित) लावून टाइम स्लाइस (आडवा काप) घेतली आणि रेघा कुठच्या कुठं. जुन्या टूडीवरचे (सुट्या लाइनींवरून काढलेले) नकाशे थ्रीडी आल्यावर का बदलतात ते तिथं कळलं, दोन लाइनींच्या मधली दिशा हा जोडणाऱ्याचा अंदाज असतो, आणि फॉल्टची दिशा बदलली की बेसिन कुठल्या बाजूला ताणलं गेलं हे उत्तरच फिरतं. नाद खुळा सेशन!

वेलॉसिटी (लाटा खडकातून किती वेगानं जातात ते) मात्र शेवटच्या अर्ध्या तासात उरकली. सेक्शनची खोली मीटरमध्ये नसते, मिलिसेकंदात असते, म्हणजे लाट जाऊन परत यायला लागलेला वेळ, त्यामुळं लाटा वेगानं जातात अशा मिठासारख्या थराखालचं सगळं खोटंच वर आलेलं दिसतं, आणि हेच घाईत सांगितलं तर पोरं स्ट्रक्चर (थरांचा उंचवटा) नाही तिथं स्ट्रक्चर काढणार की.

आपल्या बसाल्टखाली काय, असं एकानं विचारलं. सरांनी कोयनेचं सांगितलं, तिथं बोअरमध्ये ९०० मीटरपेक्षा जास्त जाडीचा बसाल्ट लागला आणि त्याच्याखाली गाळ नाहीच, थेट ग्रॅनाइट-नाइस (पायाचा जुना खडक).

दुपारी पांढरा रस्सा, त्यामुळं पुढचं लेक्चर अर्ध्या बॅचनं डुलत ऐकलं. पाचात चार. जाताना माउस न्या, ट्रॅकपॅडवर फॉल्ट पिक करणं (क्लिक करत आखणं) म्हणजे नुसते हाल.