स्कॉटिश शेतकरी घराणं सेन्ससमधून शोधायचंय: फुकट उतारा घ्यावा की मूळ पान विकत घ्यावं?

सासर किंवा जावई तिकडचा आहे आणि आता मुलांसाठी ते घराणं शोधायचंय, तर रस्ते दोनच. एक म्हणजे इतर साइटवरचा टाइप केलेला उतारा, दुसरा म्हणजे स्कॉटलंड्सपीपल या सरकारी साइटवर क्रेडिट (म्हणजे आगाऊ विकत घ्यायचे पॉइंट) घेऊन बघायचं मूळ पान, 1841 पासून 1921 पर्यंतचं. माझ्या मते निवड एकाच गोष्टीवर ठरते, तुमचा माणूस स्वतः शेत कसणारा कूळ होता की दुसऱ्याच्या शेतावरचा गडी.

कूळ असेल तर उताऱ्यावर बरंच भागतं. फ्रीसेन आणि फॅमिलीसर्च या उताऱ्यांच्या साइट दोन्ही फुकट, फक्त फ्रीसेनवर काही परगण्यांचं भरपूर आहे आणि काहींचं फारच थोडं. कुळाचं घर बरेचदा वर्षानुवर्षं त्याच शेतावर असतं आणि शेताचं नाव एकदा हाती लागलं की नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या जुन्या नकाशांवर ते फुकटात सापडतं. मग पैसे खर्चायचे ते 1851 ते 1881 मधल्या एखाद्या पानावर, कारण तिथे किती एकर आणि किती मजूर हे लिहिलेलं असतं, 1861 पासून तर खिडकी असलेल्या खोल्या किती तेही, आणि हेच तपशील उताऱ्यात बऱ्याचदा गळतात. सोबत व्हॅल्युएशन रोल, म्हणजे जमीन-घरांच्या करआकारणीची यादी, बघाच, त्यात मालक आणि कूळ दोघांची नावं असतात, आणि त्याच साइटवर 1855, 1865, 1875 असे आहेत म्हणजे दोन सेन्ससच्या साधारण मधले.

गड्याचं प्रकरण वेगळं. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचं साल बदलतं तसं तिकडे मे आणि नोव्हेंबरमध्ये बदलायचं, एकटे गडी सहा महिन्यांवर आणि बायकामुलंवाले साधारण वर्षावर, त्यामुळे दहा वर्षांनी तो भलत्याच पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीवरून पडलेला गावांचा छोटा विभाग) निघतो. 1851 ते 1911 चे सेन्सस मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीचे, म्हणजे मेच्या आधीचे, त्यामुळे तिथे जे शेत दिसतं ते पुढच्याच महिन्यात सुटलेलं असू शकतं! त्यात आजोबाचं नाव नातवाला द्यायची रीत, मग एकाच भागात चुलतभावांची नावं सेम. अशा वेळी मुलांचं जन्मस्थान हाच धागा, थोरला एका पॅरिशचा, मधला दुसऱ्या, धाकटा तिसऱ्या, आणि उतारा करणाऱ्याने नेमकी तीच नावं चुकीची वाचलेली असतात. मूळ पानावर शेजारची घरंही दिसतात, आणि ती लागतातच, कारण काही भागांत बिनलग्नाचे गडी बॉथी नावाच्या वेगळ्या खोलीत राहायचे आणि त्यांची नोंद मालकाच्या घराखाली नसायची.

पण सरळ क्रेडिट घेऊन पानं उघडत सुटू नका. सरकारी साइटच्या इंडेक्समध्ये नाव, वय, ठिकाण एवढंच कळतं आणि चुकीच्या माणसाचे पैसे जातात, म्हणून आधी फुकटच्या उताऱ्यात बायकोमुलांची नावं जुळवा मग पान घ्या. गड्यासाठी मी तर सेन्ससच्याही आधी 1855 नंतरचा लग्नाचा दाखला घेईन, त्यात दोघांच्याही आईचं माहेरचं नाव असतं आणि तेवढ्यावर निम्मे खोटे उमेदवार बाद होतात.

1841 वर सुरुवातीला खर्च नको. पंधराच्या वरची वयं बहुतेक पाचाच्या पटीत खाली आणलेली, नातं लिहिलेलं नाही, जन्म त्याच परगण्यात का एवढंच विचारलेलं, आणि फाइफमधल्या बऱ्याच पॅरिशची पानं हरवलेलीच आहेत.

ॲन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या खाजगी साइटचं सबस्क्रिप्शन फक्त स्कॉटिश सेन्ससकरता घेऊ नका, इंग्लंडचं मूळ पान तिथे दिसतं पण स्कॉटलंडच्या जुन्या सेन्ससचा उताराच मिळतो.

एडिनबराला जाणं होणार असेल तर गड्याच्या घरासाठी जनरल रजिस्टर हाउस या सरकारी दप्तरखान्यात सीट बुक करा, तिथे दिवसाची फी भरली की पानागणिक क्रेडिट लागत नाही, आणि संशयित नावांची यादी आधीच घरी करून न्या.