सागरी पुरातत्त्वाच्या मास्टर्ससाठी घेतलेलं ‘प्रीमियम’ पॅकेज : पाचपैकी अडीच

विद्यापीठ निवडण्यापासून शिष्यवृत्तीच्या मुलाखतीपर्यंत सगळं आमच्यावर सोडा, असं सांगणाऱ्या एका ऑनलाइन कन्सल्टन्सीचं सगळ्यात वरचं पॅकेज मी घेतलं होतं. नाव लिहीत नाही. तुम्हाला एमबीए किंवा डेटा सायन्स करायचं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, तुमचं काम ते झकास करतील. माझा विषय सागरी पुरातत्त्व, म्हणजे बुडालेली जहाजं आणि पाण्याखालच्या जुन्या अवशेषांचा अभ्यास, आणि गाडी तिथेच अडली.

मी हायड्रोग्राफिक सर्व्हेत, म्हणजे समुद्राची खोली आणि तळ मोजण्याच्या कामात आहे. साइड-स्कॅन सोनारच्या (आवाजाच्या लहरींनी तळाचं चित्र काढणाऱ्या यंत्राच्या) स्क्रीनसमोर बसून समुद्राच्या तळाचे पट्टेच्या पट्टे बघायचे, ही नोकरी. तळावर काही उभं दिसलं की आम्ही ‘ऑब्स्ट्रक्शन’ (अडथळा) लिहून पुढे सरकतो. त्यातलं एखादं जहाज असतं, पण ते कुणाचं, कुठल्या काळातलं, यासाठी आमच्या रिपोर्टात रकानाच नाही. म्हणून हा सगळा खटाटोप.

पहिली हजामत झाली ती विद्यापीठांच्या यादीत. त्यांचं सॉफ्टवेअर ‘आर्किऑलॉजी’ हा शब्द विभागाच्या नावात शोधतं. त्यामुळे साउथॅम्प्टन बरोबर आलं, पण टेक्सास ए अँड एम गायब, कारण तिथे हा विषय मानववंशशास्त्र विभागात आहे. ईस्ट कॅरोलायनाही गायब, कारण तिथली पदवी ‘मॅरिटाइम स्टडीज’ची आणि ती देतो इतिहास विभाग. उलट, समुद्राशी काडीचा संबंध नसलेले आर्किऑलॉजीचे कोर्स मात्र ढिगाने. मी ही दोन नावं कळवली तेव्हा ‘ग्रेट रिसर्च, मॅम!’ असं उत्तर आलं. अहो, रिसर्चचे पैसे मी तुम्हाला दिलेत ना?

दुसरा सल्ला, ‘आधी डायव्हिंगचं ॲडव्हान्स्ड कार्ड काढा, प्रोफाइल स्ट्राँग होईल.’ हा खर्च मी केला नाही, कुणी लगेच करूही नये. साउथॅम्प्टनच्या कोर्सला डायव्हिंग येण्याची अट नाही. आणि हौशी डायव्हरचं कार्ड वेगळं, वैज्ञानिक डायव्हिंग वेगळं. अमेरिकेत त्यासाठीचं एएयूएसचं (वैज्ञानिक डायव्हिंगचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं) प्रशिक्षणच १०० तासांचं असतं, वर वैद्यकीय तपासणी. शिवाय पाण्याखाली वेळ मिळतो तरी किती? तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ कांस्ययुगात बुडालेलं उलुबुरुनचं जहाज १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षं, २२,००० हून जास्त बुड्या मारून खणलं. जहाज इतक्या खोल होतं की एक बुडी साधारण वीस मिनिटांची, दिवसाला दोन. उरलेला दिवस नोंदी आणि मोजमापं. मेरी रोझ हे इंग्लंडचं लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं, आणि लाकूड टिकावं म्हणून त्याच्यावर मारले जाणारे फवारे बंद झाले थेट २०१३ मध्ये. या विषयातला वेळ आणि पैसा कुठे जातो ते यावरून कळतं. डायव्हिंग न येणाऱ्यालाही इथे भरपूर काम आहे, हे मला काउन्सेलरने सांगायला हवं होतं.

एसओपीचा (हा विषय का शिकायचाय, हे सांगणाऱ्या अर्जातल्या निबंधाचा) किस्सा तर फ्रेम करून ठेवण्यासारखा. माझ्या मसुद्यात सावलीबद्दल एक परिच्छेद होता. सोनारचा टोफिश, म्हणजे लहरी सोडणारा त्याचा पाण्यातला भाग, बोटीमागून ओढत नेतात. त्याच्या आवाजाच्या लहरी तिरप्या जातात, त्यामुळे तळावर उभ्या वस्तूमागे सावली पडते. टोफिश तळापासून किती उंच, वस्तू त्याच्यापासून किती अंतरावर आणि सावलीची लांबी किती, एवढं कळलं की वस्तूची उंची निघते. वस्तू नुसत्या ठिपक्यासारखी दिसत असली तरी सावलीत कधी कधी डोलकाठी ओळखू येते. एडिटरने हा परिच्छेद ‘टू टेक्निकल’ म्हणून उडवला आणि तिथे ‘समुद्राच्या पोटातल्या खजिन्याची मला लहानपणापासून ओढ आहे’ असं वाक्य चिकटवलं.

खजिना! या विषयात तो शब्द म्हणजे स्वतःच्या अर्जावर स्वतः फुली मारणं. युनेस्कोचा २००१ चा करार (लागू २००९ पासून) पाण्याखालच्या वारशाचा व्यापार करायला सरळ मनाई करतो. शक्य तिथे अवशेष जागच्या जागी जपावेत, हा पर्याय आधी तपासायचा, असंही तो सांगतो. मी वाक्य काढलं, सावली परत आणली. पुढे एका प्राध्यापकांनी ईमेलवर नेमकं त्या सावलीबद्दलच विचारलं.

पैशाच्या बाजूचा तक्ता दिसायला सुरेख, रंगीबेरंगी. पण पात्रता कुणी वाचलेली नव्हती. त्यात ऑनर फ्रॉस्ट फाउंडेशन होतं. त्यांच्या विद्यार्थी शिष्यवृत्त्या पूर्व भूमध्य भागातल्या मोजक्या देशांच्या नागरिकांसाठी, मी त्यांतली नाही. चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती मात्र योग्य सुचवली. ब्रिटनमधली एक वर्षाची मास्टर्स, तीन कोर्स निवडायचे, २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायचं. ही शेवटची अट तक्त्यात बारीक टायपात होती. कुठल्या परदेशी सर्व्हे कंपनीत लगेच नोकरीचा विचार असेल तर ती सगळ्यात आधी वाचावी. टेक्सास ए अँड एमसारख्या ठिकाणी असिस्टंटशिपसाठी (विभागात काम करून मिळणाऱ्या मानधनासाठी) विभागाशी थेट बोलावं लागतं, आणि तिथे मधल्या माणसाचा उपयोग शून्य.

अडीच स्टार कशाचे, तर तारखांचे आणि सरावाचे. रेफरन्स देणाऱ्या माझ्या साहेबांच्या मागे त्यांनी जो तगादा लावला, तो मला जन्मात जमला नसता. सरावाच्या मुलाखतीतल्या बाई कडक होत्या, त्यांना विषय येत नव्हता आणि तेच कामी आलं. ‘बुडालेल्या लाकडांवर दुसऱ्याचा पैसा का खर्च करायचा?’ हा प्रश्न त्यांनी इतक्या निर्विकारपणे विचारला की मला उत्तर घडवावंच लागलं. एवढा सराव वेगळा मिळत असेल तर तोच घ्या, बाकीचं पॅकेज सोडा.

सध्या एक ऑफर हातात आहे, शिष्यवृत्तीचा निकाल यायचाय आणि डिपॉझिटची तारीख त्याच्या आधीची. मुदत वाढवून मिळते का, हे कन्सल्टन्सीला विचारलं तर ‘टीमशी बोलून कळवतो’. मग विद्यापीठाच्या ॲडमिशन ऑफिसलाच चार ओळींचा मेल टाकला. मुदत मिळाली. टीमचं बोलणं अजून चालूच आहे.