दाढेत जीआयसी भरून एक वर्ष झालं, त्याचा रिव्ह्यू

मागच्या वर्षी टिळकवाडीत पोरीची दुधाची दाढ आणि माझी एक दाढ, दोन्हीत जीआयसी भरून घेतलं, म्हणजे ग्लास आयोनोमर सिमेंट, किडलेल्या दातात भरायचा एक मसाला. माझ्या दाढेत आधी दुसरीकडं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं, प्लॅस्टिकसारखं फिलिंग) भरलेलं, दिसायला एकदम झकास, पण दोन वर्षांत कडेनं परत कीड लागली आणि विचारायला गेले तर म्हणे तुम्हीच गोड खाताय. बेळगावात राहून कुंदा सोडायचा काय आता?

टिळकवाडीच्या डेंटिस्ट मॅडमनी समोरच कागदाच्या पॅडवर पावडर आणि लिक्विड प्लॅस्टिकच्या चमच्यानं घोटलं, चकाकी आहे तोवरच भरायचं, चकाकी गेली की टाकून द्यायचं म्हणाल्या. जिभेला आंबट लागलं. वरून व्हॅसलिन लावलं, कारण सुरुवातीला ह्याला थुंकी लागलेली चालत नाही.

जीआयसीतनं फ्लोराईड सुटतं, दात किडू नये म्हणून पेस्टमध्ये असतं तेच. त्या काचेच्या पावडरीतच ते असतं, लिक्विडमधल्या अ‍ॅसिडनं काच थोडी विरघळते आणि ते सुटतं, पहिल्या एक-दोन दिवसांत भरपूर आणि मग झपाट्यानं कमी होऊन थोडं थोडं बरेच महिने येत राहतं. फ्लोराईडच्या पेस्टनं ब्रश केलं की सिमेंट त्यातलं थोडं परत शोषून घेतं, म्हणून पोरीच्या मागं लागून रात्रीचा ब्रश सुरू केलाय (रोज भांडण!). जंतू मरतात म्हणून मी लई खूश होते, पण मॅडमनीच ब्रेक लावला: फ्लोराईडनं जंतूंचं साखरेपासून अ‍ॅसिड करायचं काम मंदावतं इतकंच, आणि लॅबच्या ताटलीत जेवढे थांबतात तेवढे तोंडात थांबतीलच असं नाही. हे सरळ सांगितलेलं मला आवडलं.

वाईट काय तर ताकद कमी. पोरीची दाढ मस्त आहे, दोन-तीन वर्षांत पडणारच, तोवर टिकलं की बास. माझी मात्र आठव्या महिन्यात गोकाकचा करदंट चावताना वरून टवका उडाला. चूक माझी, चावायच्या दाढेवर हे झिजतं असं आधीच सांगितलेलं. आता खालचं जीआयसी तसंच ठेवून वर कॉम्पोझिटचा थर दिलाय, त्याचे वेगळे पैसे गेले.

पोरांसाठी पाच स्टार, मोठ्यांच्या दाढेला तीन. पोरीच्या शेजारच्या दाढेवर काळा ठिपका दिसूलालाय, तिथं पण हेच भरायचं ठरलंय, शनिवारची वेळ घेतलीय.