चार महिने उभी गाडी: ऑइल बदलायचं जायच्या आधी की आल्यावर? दोन हिवाळ्यांचा अनुभव

नागपुरात काही बर्फ पडत नाही. उलट गाडी फिरवायचे दिवस म्हणजे हिवाळाच. पण लेकीचं बाळंतपण बंगळुरूला, म्हणून नोव्हेंबरात माझी 2014ची पल्सर 150 पोर्चमध्ये झाकून गेलो, ते फेब्रुवारी सरता सरता परतलो. पुढच्या वर्षी नातू सांभाळायला पुन्हा तेच.

पहिल्या वर्षी हिशेब सरळ होता. ऑइलवर 2100 किलोमीटर झाले होते. साडेचारशेचं नवं 20डब्ल्यू-50 ऑइल टाकून ते उभ्या गाडीत काऊन सडवायचं? आल्यावर टाकू. शेजारच्या पोराला किल्ली दिली, दर रविवारी पाच मिनिटं चालू करायला सांगितलं.

पोरगा प्रामाणिक. एक रविवार चुकवला नाही, आणि तिथेच घात झाला. आल्यावर गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिनाच्या ऑइल दिसायच्या गोल काचेवरची धूळ पुसली, तर आत ऑइलऐवजी दुधाळ चहा! बॅटरी बसलेली ती वेगळीच.

"काका, मी तर दर हप्त्याला चालू करून राहिलो होतो ना जी," पोरगा म्हणाला. त्याला काय बोलणार?

बर्डीवरच्या माझ्या जुन्या मेकॅनिकने कारण सांगितलं. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, लिटरमागे जवळपास लिटरभर. बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर पळाली तर ऑइल तापून ते उडतं. पाच मिनिटांत ऑइल तेवढं तापत नाही, पाणी आतच राहतं आणि ऑइल दुधाळ होतं. वापरलेल्या ऑइलात आम्ल आधीच असतं, त्यात हे पाणी. चार महिने ते बेअरिंगला लागून बसतं. मग काय, ऑइल बदललं, तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा बदललं. साडेचारशे वाचवायला गेलो, नऊशे गेले.

दुसऱ्या वर्षी जायच्या दोन दिवस आधीच बदललं. गाडी आधी पळवून तापवली, गरम ऑइल घाणीसकट निघतं म्हणून. मोटरसायकलचंच, डब्यावर जासो एमए ही मोटरसायकलच्या ऑइलची खूण असलेलं. कारचं घातलं तर क्लच घसरू शकतो. नवं टाकून पाच-सात किलोमीटर फिरवून आणली, म्हणजे ते सगळीकडे पोचतं. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. किल्ली माझ्यासोबत बंगळुरूला.

आता वायसर. हो, इंजिनाखालून ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टखालचा तो दहा रुपयांचा वायसर. मेकॅनिक गावाला गेला होता म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलो, आणि त्यांनी जुनाच चेपलेला लावला. बिलात "कन्झ्युमेबल्स" म्हणून 60 रुपये लावलेच होते. कशाचे? आल्यावर पाहतो तर पांढऱ्या टाइल्सवर ताटलीएवढा काळा डाग. भांडायला गेलो तर म्हणे, "सर, गाडी जुनी आहे." गाडी जुनी म्हणून वायसरही जुनाच लावायचा? त्या दिवसापासून माझ्या पाकिटात दोन नवे वायसर असतात. बायको हसते, हसू दे.

डाग सोडला तर निकाल चोख. थेंबाथेंबाने गळलेलं फार नव्हतं, काचेत पातळी खालच्या खुणेच्या वर होती आणि ऑइल मधासारखं स्वच्छ. वायर जोडली, चोक ओढला, तिसऱ्या किकला सुरू. मी आल्यावर पुन्हा बदलायच्या तयारीत होतो, डबाही आणला होता. मेकॅनिकने काच पाहिली आणि डबा परत हातात दिला: "चालव ना भाऊ, चार महिन्यांत चांगल्या ऑइलाला काही होत नाही." तेच ऑइल अजून चालू आहे, 1400 किलोमीटर झाले.

डागावर वॉशिंग पावडर, रॉकेल, लिंबू सगळं झालं. सध्या हिने त्यावर कोरफडीची कुंडी ठेवली आहे आणि गाडी गेटजवळ उन्हात हलवली आहे.