फिल्डवर्कला वेंगुर्ला की सुंदरबन?

माझी भाची नागपूरला एमएसडब्ल्यू करते, तिला खारफुटीतल्या लोकांच्या पोटापाण्यावर काम करायचंय अन् आठवडाभर एकच घोषा, मामा वेंगुर्ला करू की सुंदरबन. मी दोन्हीकडे जाऊन आलोय, तर तिला जे सांगितलं तेच इथे टाकतो.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर लांबचं सुंदरबनच सोपं. हावड्याला इथून सरळ गाडी, मग सियालदाहून कॅनिंग लोकल, पुढे ऑटो अन् बोट. वेंगुर्ल्याला मडगाव स्पेशल चालू असली तर कुडाळला उतरा, नाहीतर मुंबई फिरून जा बाप्पा.

वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया २०१७ पासून वल्ह्याच्या होडीतून कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, दाखवतात. आम्ही नेमके ओहोटीला पोचलो, होडी गाळात रुतली, ताईंनी वल्हं चिखलात रोवून ती ढकलली अन् ढकलता ढकलताच पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं दाखवली, म्हणे झाड याच्यातून श्वास घेतं. शासनाची कांदळवन उपजीविका योजनापण त्याच वर्षीची, खेकडापालन, कालवं, पर्यटन सगळं त्यात बसतं. झाड उभं तर पैसा, असा तिकडचा हिशोब. फक्त पावसाळ्यात होडी बंद, तेव्हा घर कशावर चालतं हे विचारायला विसरू नको म्हटलं तिला.

सुंदरबनात पोटासाठी जंगलातच शिरावं लागतं अन् आत वाघ. आपल्याकडे पहाटे मोहफूल वेचायला जाणारी बाई आठवा, तसंच. एप्रिल-मेमध्ये मौले, म्हणजे मध काढणारे, बनबीबी या जंगलाच्या देवीला हात जोडून मधाला जातात, बाकी वेळ खेकडे. २००९ च्या आयला वादळात खारं पाणी शेतात घुसलं, भात पिकेना, मग पोरं केरळ-तमिळनाडूला मजुरीला गेली, जरा सावरले तर २०२० ला अम्फान. आडतीवर खेकड्याच्या नांग्या दोरीने बांधून वजनाप्रमाणे वेगळे करतात, अंड्याने भरलेली मादी सगळ्यात महाग. माल चीनकडे जातो, म्हणून करोनात तिकडचं मार्केट बंद पडलं अन् इथे खाडीत उतरणाऱ्याचं मरण झालं. जंगलात जायला बोटीला लायसन लागतं, बीएलसी म्हणतात, ते थोड्यांकडेच आहे, बाकीचे भाड्याने घेतात नाहीतर चोरून जातात, अन् चोरून गेलेल्याला वाघाने नेलं तर घरचे सांगायलाही घाबरतात, नुकसानभरपाईचं तर सोडाच.

विषय म्हणून सुंदरबन जास्त खोल आहे यात वादच नाही. पण भाचीला बंगाली येत नाही, अन् जिचा नवरा वाघाने नेला तिच्याशी दुभाष्यामार्फत बोलणं मला पटत नाही. मालवणी दोन दिवसात कानात बसते. म्हणून सहा आठवडे असतील तर वेंगुर्ला, सहा महिने असतील अन् आधी बंगाली शिकायची तयारी असेल तर सुंदरबन.

तिचे सहाच आठवडे आहेत. कुडाळचं तिकीट काढलंय, अन् भरती-ओहोटीचा टाइम फोन करून विचारून घेतलाय.