‘ओव्हरक्लॉक करून देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहा

२०२०च्या उत्तरार्धात कॉलेजचे वर्ग घरात भरू लागले आणि स्वस्त डेस्कटॉपला एकदम मागणी आली, तेव्हा माझ्या धाकट्या भावाने आपल्या मुलीसाठी मुंबईतील एका दुकानातून संगणक जोडून घेतला. ती आर्किटेक्चरला आहे आणि तिला ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करायचे होते. दुकानदाराच्या कोटेशनवर ‘रायझेन ३ ३२००जी, ओव्हरक्लॉक ४.२ गिगाहर्ट्झ, ३४००जी इतका वेग’ अशी ओळ होती आणि तिच्याखाली ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवण्याचे, वेगळे पैसे लावलेले होते. या ओळीतला प्रोसेसर तेवढा खरा निघाला.

प्रोसेसरची निवड चुकीची नव्हती, हे आधी सांगतो. जुलै २०१९मध्ये आलेला ३२००जी हा चार कोअरचा, म्हणजे चार गणनकेंद्रांचा, प्रोसेसर आहे. त्याचा मूळ वेग ३.६ आणि बूस्ट ४.० गिगाहर्ट्झ असून व्हेगा ८ ग्राफिक्स त्यातच असल्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याला मी स्वतःही तोच सुचवला असता. त्याचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) खुला असल्याने तो ओव्हरक्लॉकही करता येतो. मात्र त्यासाठी बी४५०सारख्या चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड लागतो, कारण ए३२० चिपसेटवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याची सोयच नसते. शिवाय प्रत्येक चिप किती वेग सोसेल हे सारखे नसते. व्होल्टेज थोडे थोडे वाढवत, तापमान पाहत, तासन्‌तास चाचणी घेऊनच ते ठरवावे लागते. एखाद्याने ही मेहनत खरोखर घेतली आणि तिचे पैसे मागितले, तर त्यात गैर काही नाही. ‘३४००जी इतका वेग’ ही मात्र थाप आहे, कारण ३४००जी या त्याच मालिकेतल्या वरच्या प्रोसेसरमध्ये चार कोअरवर आठ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आणि व्हेगा ११ ग्राफिक्स आहे, आणि घड्याळाचा वेग कितीही वाढवला तरी ३२००जीच्या चार थ्रेडचे आठ होत नाहीत. बाजारात आले तेव्हा या दोन प्रोसेसरची किंमत अनुक्रमे ९९ आणि १४९ डॉलर होती, ती याच फरकामुळे.

रेंडरिंग (ब्लेंडरमधले अंतिम चित्र तयार करणे) सुरू केले की संगणक बंद पडू लागला. भावाने दुकानात फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, “साहेब, ओव्हरक्लॉक केलेलं मशीन आहे, तापणारच. आणि ओव्हरक्लॉकला वॉरंटी नसते.” यातले दुसरे वाक्य निराधार नाही. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या वॉरंटीत धरले जात नाही. ही फसवणूक उभी आहे ती याच अर्धसत्यावर: जे काम केलेच नाही त्याचे पैसे घ्यायचे आणि पुढे काही बिघडले की त्याच कामाचे नाव सांगून जबाबदारी झटकायची. गिऱ्हाईक ‘आपणच तर करून मागितले’ म्हणून गप्प बसते, याचा मला मनस्वी संताप येतो.

भावाच्या घरी जाऊन मी कॅबिनेट उघडले. सोबत आलेला कूलर चार स्क्रूंनी मदरबोर्डला घट्ट बसवायचा असतो. त्यातले समोरासमोरचे दोन स्क्रू हाताने फिरावेत इतके सैल होते आणि प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट एका कडेलाच पसरली होती. त्यामुळे काम सुरू केल्यावर तापमान ९५ अंशांच्या मर्यादेला जाऊन भिडत होते. पेस्ट पुन्हा लावून स्क्रू आवळल्यावर संगणक बंद पडणे थांबले. म्हणजे त्या तापण्याचा ओव्हरक्लॉकिंगशी काडीचाही संबंध नव्हता.

तरीही विंडोजच्या सिस्टीम माहितीत प्रोसेसरच्या नावापुढे ‘ओसी ४.२० गिगाहर्ट्झ’ असे स्पष्ट दिसत होते, आणि दुकानात भावाला हाच पडदा पुरावा म्हणून दाखवला होता. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, मात्र ३६०० मेगाहर्ट्झ होते आणि वेग बदलण्याचा पर्यायच नव्हता. सीपीयू-झेड या संगणकाचे भाग ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिले तर चिपसेट ए३२० निघाला आणि कितीही भार टाकला तरी वेग ४.० गिगाहर्ट्झच्या वर जाईना. मग ते ४.२० आले कोठून? विंडोज हे नाव रजिस्ट्री या आपल्या नोंदवहीतून वाचते. ती नोंद प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना नव्याने तयार होत असल्याने हाताने केलेला बदल टिकत नाही, म्हणून या माणसाने टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामे करणाऱ्या विंडोजच्या सोयीत) एक काम लावून ठेवले होते, जे दर वेळी लॉगिन होताच ते नाव बदलत असे. ते काम बंद करून संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा खरे नाव दिसले. निष्काळजीपणा एक वेळ समजू शकतो. हे ठरवून केलेले होते.

मेमरीतही हात मारलेला होता, आणि अशा प्रोसेसरच्या बाबतीत हे सर्वांत नुकसानकारक आहे. अंगच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरते. कोटेशनमध्ये ३०००च्या वेगाच्या ४ जीबीच्या दोन स्टिक होत्या, ज्यांची माहिती वाहून नेण्याची एकत्रित क्षमता सेकंदाला ४८ जीबी होते. प्रत्यक्षात २४००ची ८ जीबीची एकच स्टिक बसवली होती, जिची क्षमता १९.२ जीबी. एकूण आकडा ८ जीबीच दिसत असल्याने कोणाला शंका येत नाही. सीपीयू-झेडच्या मेमरीच्या पानावर एकच चॅनेल दिसला की समजावे.

असा संगणक घेणाऱ्यांनी दुकानातच बायोस उघडून दाखवायला सांगावे, सीपीयू-झेड आपल्या पेनड्राइव्हवर न्यावे आणि प्रोसेसरचा सीलबंद खोका आपल्यासमोर फोडून घ्यावा. एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी खोक्यातल्या प्रोसेसरला असते. ‘खोक्याचं काय करणार साहेब’ म्हणत दुकानदाराने तो स्वतःकडेच ठेवला होता. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा सध्याचा क्रमांक १९१५ आहे; ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, पण ती दोन वर्षांच्या आत करावी लागते.

आम्ही पडद्यांचे फोटो जोडून लेखी नोटीस पाठवली. त्यावर ओव्हरक्लॉकिंगचे पैसे परत मिळाले, रॅम बदलून मिळाली आणि प्रोसेसरचा खोकाही आला. मदरबोर्ड बदलून द्यायला मात्र दुकानदाराने शेवटपर्यंत नकार दिला, कारण बिलावर मॉडेल क्रमांक न घालता त्याने ‘एएम४ मदरबोर्ड’ एवढेच लिहिले होते.